मिठाच्या बाटलीतला ऊस

उतरा लवकर, मागची गर्दी थांबू देणार नाही! मानखुर्दचा फलाट, या शतकाची सुरुवातीची वर्षं, ऑक्टोबरचा उकाडा. सदरा पाठीला चिकटलाय आणि हवेत खाडीच्या चिखलाचा वास आहे. ट्रॉम्बेची बस धरा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या गेटवर पिशवी तपासून घ्या आणि चला आत.

चपला बाहेर. ऑटोक्लेव्हमधून १२१ अंशांची वाफ सुसाटत सुटतेय. शिजलेल्या अगर-साखरेचा गोडसर वास नाकात बसतो. हात कोपरापर्यंत धुवा आणि लॅमिनार फ्लोसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर, बसा. पंख्याची घरघर, स्पिरिटचा उग्र दर्प, ज्योतीवर तापलेला चिमटा. समोर कोसी ६७१ उसाचा पोंगा आहे. वरची पानं सोला, आतल्या कोवळ्या सुरळीच्या पातळ चकत्या करा आणि बाटलीतल्या माध्यमावर ठेवा.

काही आठवड्यांत त्यांवर दाणेदार, पांढरट कॅलस, म्हणजे पेशींचा पुंजका, धरतो. तो आता कोबाल्ट-६० च्या यंत्रात ठेवलाय. कान टवकारलेत? काही ऐकू येणार नाही. गॅमा किरणांना ना आवाज, ना वास. कुठल्या पेशीत काय बदललं, हेही कुणाला दिसत नाही. हवा आहे क्षार सोसणारा ऊस, म्हणून निवड माध्यमातल्या मिठाने करायची: लिटरला २.५ ग्रॅमपासून चढत १५ ग्रॅमपर्यंत. शेतात एवढी रोपं तपासायला एकरच्या एकर लागले असते; इथे लाखो पेशी एका फळीवर मावतात.

रोज बाटल्या उजेडात धरून बघा. हा पुंजका तपकिरी पडला, तोही. त्या बाटलीत बुरशी शिरली, टाका. आणि ही? हिच्यात पांढरी कड वाढतेय! तुमची हाक ऐकून शेजारच्या टेबलांवरचे सगळे धावत येतात, बाटली हातोहात फिरते. पुढे उजेडात, नव्या माध्यमावर, तिला हिरवे कोंब फुटतात.

रोप कुंडीत लावताना मात्र शिरोळ-मिरजेकडची क्षारपड रानं डोळ्यांपुढे ठेवा. बाटलीत मोजून घातलेलं मीठ होतं. तिथे क्षारांच्या जोडीला साचलेलं पाणी आहे, ऊन आहे. बाटलीत तगलं म्हणून ते वाण होत नाही. लागण, तोडणी, खोडवा असं सगळं रानातच पाहावं लागतं. आणि चर काढून पाण्याचा निचरा केला नाही, तर क्षार चढतच राहतील. मग कितीही चिवट ऊस दिला, तरी शेतकऱ्याची जमीन वाचणार नाही.