चांद्याचा कोट आणि राणी हिराई

किल्ला म्हटला की आपल्यापुढे रायगड आणि सिंहगड उभे राहतात. आपल्या झाडीपट्टीत तसले उंच गड थोडे. परंतु सौंदडहून गाडीत बसून ज्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, आपण जातो, तेथे सारे गाव पोटाशी घेऊन बसलेला एक कोट आहे. माझ्या नणंदेचे घर तेथेच असल्यामुळे चैत्रात महाकालीच्या यात्रेला जाणे होते. दर खेपेस थोडा थोडा करून मी तो कोट पाहिला. त्याचीच हकीकत येथे सांगते.

पंधराव्या शतकात बल्लारपूर येथे गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा राज्य करीत होता. त्याच्या अंगावर खांडके असत, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. शिकारीत तहान लागून तो झरपट नदीचे पाणी प्याला, हातपाय धुतले आणि त्याला आराम पडला. पुढे त्याने नवल पाहिले. एक ससा शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता! राजाने घरी येऊन ते राणीला सांगितले. राणी म्हणाली, "ही जागा पाण्याची आहे आणि पराक्रमाचीही आहे. ससा ज्या वाटेने फिरला, त्याच वाटेने कोट बांधा."

ही दंतकथा आहे, हे खरे. तरी तिच्यात सल्ला राणीचा आहे. मी ऐकली तेव्हा मात्र राजाचे नाव सर्वांना ठाऊक होते आणि तिला नुसते "राणी" म्हणत होते.

कोट काही एका राजाच्या हयातीत झाला नाही. पाया खांडक्याच्या वेळी पडला. काम पुरे झाले ते धुंड्या रामशहाच्या काळी, सतराव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे शंभरावर वर्षे लागली. पश्चिमेला इरई आणि पूर्वेला झरपट, अशा दोन नद्यांच्या मधला हा दगडी तट सुमारे ११ किलोमीटर आहे. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या. या खिडक्या म्हणजे माणसांच्या जाण्यायेण्याच्या लहान वाटा. दरवाज्यांवर हत्तीवर झेप घेणारा सिंह कोरला आहे. ती गोंड राजांची खूण होय.

आता हिराईविषयी. तिचा पती बीरशहा १७०४ च्या सुमारास घरच्या लग्नप्रसंगीच मारला गेला. पोटी मुलगा नव्हता. तिने चंदनखेड्याच्या घराण्यातील रामशहाला दत्तक घेतले आणि तो मोठा होईपर्यंत राज्य स्वतः चालविले. महाकालीचे मंदिर तिने बांधविले, अंचलेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि त्याच्याजवळ पतीची भव्य समाधी उभारली. बादशहाने बेगमेसाठी ताजमहाल बांधला, हे आपण मुलांना शिकवितो. राणीने राजासाठी बांधलेली ही समाधी आपल्या इतकी जवळ आहे, तीही मुलांना दाखविली पाहिजे.

१७५१ मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला. तोफांनी केले नसेल तेवढे नुकसान पुढे झाडाझुडपांनी केले. पिंपळाचे रोप फटीत रुजले की दगड सुटतो. लोकही तेथे केरकचरा टाकू लागले. मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कुऱ्हाडी, फावडी आणि झाडू घेऊन तट साफ करण्यास आरंभ केला. दिवसामागून दिवस ते काम चालले आणि गाडलेले बुरुज मोकळे झाले.

हे वाचून मनात येते की, झाडू धरणे आपणांस कोणी शिकवावयास नको. आपल्याच जिल्ह्यात तुमसरजवळ अंबागड आहे, पवनीला जुना कोट आहे. पुढील वर्षी मंडळाची सहल काढावयाची झाल्यास ती चांद्याला न्यावी, हिराईच्या समाधीवर दोन फुले वाहावी आणि परतल्यावर यांपैकी एखाद्या ठिकाणी एक दिवस श्रमदान करावे, अशी माझी सूचना आहे. वार्षिक सभेत तिचा विचार व्हावा.