माणसा, चिडू नकोस (अर्थात, एस्सेनची तयारी)

गेले तीन वीकांत मी एक एक्सेल शीट घेऊन बसलोय. कॉलम असे: गाडी, मुक्काम, डबा, बाबांचे गुडघे, कन्येची दुपारची झोप. बायको म्हणते, हापिसातला प्रोजेक्ट एवढा प्लॅन केला असतास तर एव्हाना प्रमोशन मिळालं असतं. असो.

तर मंडळी, प्रकार असा आहे. जर्मनीत एस्सेन नावाचं शहर आहे. तिथे दर ऑक्टोबरात गुरुवार ते रविवार पटावरच्या खेळांची जत्रा भरते. पट, पत्ते, फासे, सोंगट्या... कॉम्प्युटर गेम नव्हेत, टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ. जत्रेचं नाव एकदम साधं, 'श्पील', म्हणजे 'खेळ'. २०२४ साली तिथे २ लाख ४ हजार लोक आले होते. मी श्टुटगार्टहून एकदा एकटाच गेलो होतो, सकाळी जाऊन रात्री परत. यंदा बायको, साडेचार वर्षांची कन्या आणि मिरजेहून तीन महिन्यांसाठी येणारे आई-बाबा अशी पाच जणांची फौज न्यायची आहे.

का न्यायची, ते सांगतो. कन्येचा जन्म इथलाच. दीड वर्षाची असल्यापासून पाळणाघरात, त्यामुळे तिला स्वप्नंसुद्धा जर्मनमध्ये पडतात. मराठी समजतं, पण बोलायची वेळ आली की दोन शब्द आणि खांद्यांची हालचाल. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा विचारतात, "काय गं, जेवलीस का?" ती म्हणते, "या." (म्हणजे हो.) पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि फोन मग आईकडे जातो. वीज मंडळात आयुष्य काढलेला, चारचौघांत गप्पांचा फड रंगवणारा माणूस नातीपुढे गप्प होतो. आता हा माणूस तीन महिने आमच्या दोन खोल्यांत राहणार आहे. मला खरं सांगायचं तर त्याचीच धास्ती वाटते. विमान आणि व्हिसा हे सोपे प्रश्न आहेत.

म्हणून ही जत्रा. पण २ लाख लोकांच्या गर्दीत कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला आणि बालवाडीतल्या पोरीला न्यायचं हा वेडेपणा नाही ना, हे ठरवायला मी जत्रेचा इतिहास वाचायला घेतला. (मॅन्युअल न वाचता सिस्टीमला हात लावू नये, ही नोकरीतली सवय!)

अशा मोठ्या जत्रा जगात प्रामुख्याने दोन. एक अमेरिकेतली, जेन कॉन. ती १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात सुरू झाली. गॅरी गायगॅक्स नावाच्या गृहस्थाने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि युद्धाचे खेळ खेळणारे शंभरेक लोक जमवले. नाव म्हणजे गावाच्या नावावर आणि जिनिव्हा कन्व्हेन्शनवर केलेली कोटी. पुढे १९७४ साली याच गायगॅक्सने डेव्ह आर्नेसनबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला आणि सगळंच बदललं. जत्रा नंतर मिलवॉकीला आणि २००३ पासून इंडियानापोलिसला गेली. तिचा पिंड मात्र क्लबाचाच राहिला. आधी वेळापत्रक बघायचं, खेळाच्या टेबलावर जागा राखायची, मग चार-चार तास एका कथेत बुडायचं. जाणकारांसाठी स्वर्ग. आमच्या फौजेसाठी नाही.

एस्सेनची कुळकथा वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडली.

१९८० च्या आसपास जर्मनीत 'प्योपेल-रेव्यू' नावाचं एक छोटं मासिक निघायचं. 'प्योपेल' म्हणजे सोंगटी. म्हणजे 'सोंगटी समाचार' म्हणा ना! त्याच्या वाचकांना एकत्र जमायचं होतं. नवे खेळ जिथे मांडले जात ते न्यूरेम्बर्गचं खेळणी प्रदर्शन १९५० पासून होतंच, पण ते फक्त व्यापाऱ्यांसाठी. खेळणाऱ्याला तिथे प्रवेश नाही. दुकानदार काय उचलतील ते गल्लीतल्या दुकानात यायची वाट बघायची. तेव्हा फ्रीडहेल्म मेर्त्स या प्रकाशकाने १९८३ साली एस्सेनच्या फोल्क्सहोखशूलमध्ये खेळाडूंचा मेळावा भरवला.

आता हे फोल्क्सहोखशूल काय आहे ते इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना बरोबर माहीत असतं. आपली रात्रशाळा आणि मुक्त विद्यापीठ एकत्र केलं तर जे होईल ते. शिवण, योगासनं, स्पॅनिश, आयकराचा फॉर्म कसा भरावा, काहीही शिका, माफक फी भरा. मी माझं मोडकंतोडकं जर्मन अशाच एका वर्गात शिकलो, संध्याकाळी सहा ते नऊ. शेजारी एक सीरियन न्हावी आणि एक ब्राझिलियन आजीबाई. कुणालाही नीट बोलता येत नव्हतं आणि त्याची कुणालाच लाज नव्हती. जगातली एवढी मोठी खेळांची जत्रा अशा जागी जन्मली हे वाचल्यावर माझी निम्मी धास्ती गेली.

काळही बघा. एस्सेन म्हणजे कोळसा आणि पोलादाचं शहर, क्रुपचं गाव. त्याच सुमाराला तिथल्या खाणी एकेक करून बंद पडत होत्या. शहरातली शेवटची खाण, त्सोलफेराईन, १९८६ च्या डिसेंबरात बंद झाली. (ती आता जागतिक वारसा स्थळ आहे, स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम जाते. बाबांसाठी अर्धा दिवस तिथे राखून ठेवलाय. ज्या माणसाने आयुष्यभर वीज विकली त्याला कोळसा बघायला आवडेल.) मेळावा वाढत गेला, रात्रशाळेत मावेना, आणि गावाच्या मोठ्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गेला. तरी पद्धत तीच राहिली: दालनात टेबलं मांडलेली, रिकामी खुर्ची दिसली की बसायचं. लगेच कुणीतरी येतो आणि खेळ समजावून देतो. या माणसाला जर्मन खेळाडूंनी ठेवलेलं नाव मला भयंकर आवडतं: 'एर्क्लेअरबेअर', म्हणजे समजावणारं अस्वल! आमच्या हापिसात अशी चार अस्वलं असती तर निम्म्या मीटिंगा वाचल्या असत्या. याच जत्रेत अनेक वर्षं 'एस्सेनचं पीस' नावाचं बक्षीस दिलं गेलं, सर्वांत चांगल्या लिहिलेल्या नियमपुस्तिकेसाठी. डॉक्युमेंटेशनला बक्षीस! वाचून डोळे पाणावले :-)

दुसरी एक गोष्ट १९८८ ची. न्यूरेम्बर्गच्या प्रदर्शनाच्या वेळी तेरा खेळकर्ते (खेळ रचणारे या अर्थी) एकत्र बसले होते. तोवर पुस्तकावर लेखकाचं नाव असे, पण खेळाच्या खोक्यावर रचणाऱ्याचं नाव असेलच असं नव्हतं. राइनहोल्ड विटिश यांच्या पुढाकाराने बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं की आमचं नाव खोक्यावर छापणार नसाल तर खेळ देणार नाही, आणि तेराही जणांनी सह्या ठोकल्या. हळूहळू प्रकाशकांनी ते मानलं. म्हणून आज क्लाउस टॉयबर हे नाव लोकांना माहीत आहे. हे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ. घरी खेळ रचायचे आणि बायकोमुलांवर त्याची चाचणी घ्यायचे. १९९५ साली त्यांचा 'काटान' आला आणि जर्मन खेळ जगभर गेले. टॉयबर २०२३ साली गेले. मी लिहिलेला कोड कोणत्या बँकेत कुठे चालतो हे मलासुद्धा सांगता येणार नाही, त्यामुळे त्या पुठ्ठ्याबद्दल मला जरा जास्तच आदर आहे.

आता मुख्य मुद्दा. जर्मन घराघरात असलेला, सगळ्यांना माहीत असलेला खेळ कोणता? 'मेन्श एर्गरे डिश निष्ट'. शब्दशः 'माणसा, चिडू नकोस'. म्युनिकच्या योजेफ फ्रीडरिश श्मिट यांनी १९०७-०८ च्या हिवाळ्यात आपल्या तीन दांडगट मुलांना घरात रमवायला तो केला. १९१४ पासून तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी ३००० संच जखमी सैनिकांच्या इस्पितळांना पाठवून दिले. सैनिक बरे होऊन खेळ डोक्यात घेऊन घरी गेले. यापेक्षा चांगलं मार्केटिंग मी तरी ऐकलेलं नाही.

हा खेळ कन्येच्या पाळणाघरात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी म्हटलं, अरे, हा तर ल्यूडो! आणि ल्यूडो म्हणजे १८९६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेली आपली पच्चीसी. अधिकाच्या आकाराचा पट, कवड्यांचं दान, सोंगट्या मारणं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मिरजेला आमच्या आजीने हाताने शिवलेला पट अजून आहे. त्यावर लाल दोऱ्याच्या फुल्या आहेत. फुलीच्या घरात बसलेली सोंगटी मारता येत नाही.

प्रवासात मात्र या खेळाचं बरंच सामान गहाळ झालं. कवड्यांच्या जागी फासा आला, हे ठीक. पण श्मिटसाहेबांच्या पटावर वाटेत फुलीचं घरच नाही, कुठेही मार खा. आणि त्याहून मोठी गोष्ट: पच्चीसीत चौघे बसतात ते दोन जोड्यांनी. समोरासमोरचे भिडू. तुमच्या चारही सोंगट्या घरी पोचल्या तरी भिडूच्या पोचेपर्यंत डाव संपत नाही. ल्यूडोत येईपर्यंत हा भिडूच गायब झाला! जो तो आपापल्यासाठी. माझे बाबा आणि आजी नेहमी भिडू असत. आजी कवड्या टाकायची, बाबा नुसती भुवई उडवायचे, आणि कोणती सोंगटी हलवायची ते तिला कळायचं. एक शब्द बोलत नसत दोघं.

तो भिडू जर्मनांनी वेगळ्या वाटेने परत आणलेला आहे, हे या वाचनात माझ्या लक्षात आलं. १९८६ साली आनेलीझे फार्काशोव्स्की यांनी 'ओब्स्टगार्टन', म्हणजे 'फळबाग', नावाचा लहान मुलांचा खेळ केला. त्यात मुलं एकमेकांविरुद्ध खेळतच नाहीत. सगळ्यांनी मिळून कावळ्याच्या आधी फळं तोडायची. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे. इथल्या पोरांना हा तोंडपाठ असतो, आमच्या कन्येलासुद्धा. २०१३ साली वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळालेला 'हनाबी'ही याच जातीचा. शिवाय एकच खेळ जर्मन, फ्रेंच, डच घरांत विकायचा म्हणजे छापील मजकूर जितका कमी तितकं बरं, म्हणून पुष्कळ खेळांत सगळं चिन्हांवर. आमच्या घरची अडचण यांनी धंद्यापायी सोडवून ठेवली आहे!

हाच मान पहिल्यांदा, १९७९ साली, डेव्हिड पार्लेट यांच्या 'ससा आणि साळिंदर'ला मिळाला होता. तीही पटावरची शर्यतच, पण फासा नाही. पुढे जायला गाजरं मोजायची: एक घर पुढे एक गाजर, दोन घरांना तीन, तीन घरांना सहा. जितकी घाई तितका दर चढा. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे विजेच्या बिलाचे स्लॅबच की रे." नियमपुस्तिकेतली चार पानं त्यांनी एका वाक्यात उरकली.

तर शीटची आजची अवस्था. मुक्काम एस्सेनमध्ये नाही, जत्रेच्या दिवसांत हॉटेलांचे भाव ऐकूनच ताप येतो. कॉलेजातला एक मित्र ड्युसेलडॉर्फला राहतो, त्याच्याकडे पथारी. तिथून लोकल गाडीने अर्धा तास, मग यू-११ ने थेट प्रदर्शनाच्या दारात. सकाळी दहाला दारं उघडतात तेव्हाच्या चेंगराचेंगरीत घुसायचं नाही, बाराला जायचं. दशम्या, चटणी, केळी बरोबर, कारण आतल्या खाण्यात आईला चालेल असं मला बटाट्याच्या तळलेल्या काड्यांपलीकडे काही सापडलं नव्हतं. तीन वाजता बाहेर पडून शेजारच्या ग्रूगा बागेत कन्येला मोकळं सोडायचं. एका दिवसात तीनच खेळ, त्यातले दोन सगळ्यांनी एका बाजूने खेळायचे. बाबांना खुर्ची भिंतीकडची, उजवा कान अस्वलाकडे. खरेदीचं बजेट बायकोने ठरवलंय, ते इथे जाहीर करण्यासारखं नाही.

काल बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथे मांडी घालून बसावं लागतं का?" म्हटलं, नाही बाबा, टेबल-खुर्ची असते. "मग जमेल," म्हणाले. मागून आईचा आवाज आला की आजीचा पट धुवून वाळत घातलाय, पण सातातली एक कवडी सापडत नाहीये.

शीटमध्ये ओळ वाढवली: पट, कवड्या ६, आईची बॅग. गुरुवार की शुक्रवार एवढंच राहिलंय. बायको शुक्रवार म्हणतेय, म्हणजे शुक्रवारच. तिकिटं आज रात्री काढतो.