धातू ताणला की त्यातला हायड्रोजन बाहेर कसा पडतो?

पोलादाची तार, बोल्ट किंवा रेल्वेचा रूळ बाहेरून भरीव दिसतो, पण त्याच्या आत थोडा हायड्रोजन मुरलेला असू शकतो. धातू ताणला, वाकवला किंवा पिळला की हा हायड्रोजन जागचा हलतो. काही पृष्ठभागावाटे निघून जातो, काही आतल्या कमकुवत जागी साचतो. निघून गेलेल्या हायड्रोजनचा पुढे त्रास नसतो. साचलेला हायड्रोजन मात्र मजबूत पोलादाला काही तासांनी किंवा दिवसांनी, पूर्वसूचना न देता तोडू शकतो. या दोषाला ‘हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा’ म्हणतात.

हायड्रोजन धातूत शिरतो कसा?

हायड्रोजनचा अणू अतिशय लहान असतो. लोखंडाचे अणू ओळीने रचलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत हा अणू सहज मावतो. तो मुख्यतः चार वाटांनी आत येतो: पोलाद वितळवताना चुन्यातल्या किंवा भंगारातल्या ओलाव्यातून, गंज काढण्यासाठी आम्लात बुडवताना, जस्ताचा विजेने मुलामा देताना आणि दमट रॉडने वेल्डिंग करताना.

प्रमाण अगदी थोडे असते. दशलक्षात दोन भाग म्हणजे एक टन पोलादात फक्त 2 ग्रॅम. मात्र तेवढाच हायड्रोजन वायुरूपात बाहेर आला तर सुमारे 24 लिटर जागा व्यापेल. अतिशय कडक पोलादाला याहून कमी हायड्रोजनही घातक ठरू शकतो.

ताणल्यावर धातूच्या आत काय घडते?

बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव चांदीच्या बाजारासाठी ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. चांदीची तार बारीक करण्यासाठी ती पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात. काही वेळा ओढल्यावर तार कडक होते, मग ती तापवून पुन्हा मऊ करावी लागते. बहुतेक धातूंत हेच घडते आणि त्याचे कारण अणूंच्या रचनेत आहे.

धातूतल्या अणूंच्या रांगा सगळीकडे बिनचूक नसतात. मधेच एखादी रांग अर्धवट संपते. या दोषरेषेला ‘डिसलोकेशन’ म्हणतात. जड सतरंजी एका बाजूने ओढली तर हलत नाही, पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे सरकवली तर सतरंजीही थोडी सरकते. डिसलोकेशन म्हणजे अणूंच्या रचनेतली अशी सुरकुती. धातू कायमचा वाकतो तो या सुरकुत्या सरकल्यामुळे. त्या वाढून एकमेकींत अडकल्या की धातू कडक होतो.

डिसलोकेशनभोवती अणूंमधले अंतर थोडे वाढलेले असते. हायड्रोजनला तिथे ऐसपैस जागा मिळते आणि तो तिच्याभोवती गोळा होतो. धातू ताणला की डिसलोकेशन सरकते आणि हायड्रोजनलाही सोबत नेते. ते पृष्ठभागापर्यंत पोचले की हायड्रोजनचे अणू बाहेर पडतात, दोन-दोन जोडले जाऊन वायू होतात आणि हवेत मिसळतात. शिवाय ताणामुळे पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर फाटतो. हा थर एरवी हायड्रोजनला अडवतो. तो फाटला की कोरा धातू उघडा पडतो आणि बाहेरची वाट मोकळी होते.

पण सगळ्या डिसलोकेशन पृष्ठभागापर्यंत पोचत नाहीत. काही आतल्याच एखाद्या कणाच्या कडेला किंवा अशुद्धीच्या ठिपक्यापाशी अडतात आणि आणलेला हायड्रोजन तिथे जमा होतो. ताणामुळे नव्या डिसलोकेशनही तयार होतात आणि त्या आणखी हायड्रोजन पकडून ठेवतात. म्हणजे एकच ताण हायड्रोजनला बाहेरही काढतो आणि आत कोंडूनही ठेवतो.

स्वतःहून झिरपण्याचा वेग धातूनुसार फार बदलतो. शुद्ध लोखंडाच्या एक सेंटीमीटर जाड तुकड्यातून साध्या तापमानाला बराचसा हायड्रोजन काही तासांत निघून जाऊ शकतो. भांड्यांच्या नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमधून त्यालाच हजारो वर्षे लागतील. अशा धातूत डिसलोकेशनची साथ फार महत्त्वाची ठरते.

हे कळले कसे?

1875 साली विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग मांडला. चिवट लोखंडी तार काही मिनिटे आम्लात ठेवली तर ती पूर्वीसारखी वाकत नव्हती, लगेच मोडत होती. मोडलेला भाग ओला केला की तिथून बुडबुडे येत. तार काही दिवस तशीच ठेवली की चिवटपणा परत येई आणि तापवली तर लवकर येई. ठिसूळपणा आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे येतो आणि भेग पडण्याआधी तो निघून गेला तर धातू पूर्ववत होतो, हे त्यातून दिसले.

डिसलोकेशन हायड्रोजनला वाहून नेतात, ही कल्पना 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या बास्तिएन आणि अझू यांनी मांडली. 1976 साली अमेरिकेच्या डोनोव्हन यांनी धातूत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, मुरवला आणि धातू ताणताना तो किती बाहेर पडतो ते मोजले. धातू कायमचा ताणला जात असताना ट्रिटियम अधिक वेगाने निघत होता. बास्तिएन आणि अझू यांच्या कल्पनेला त्यातून बळ मिळाले.

हायड्रोजन नेमका कुठून निघतो हे पाहण्यासाठी चांदीचा उपयोग होतो. धातूवर सिल्व्हर ब्रोमाइडचा, म्हणजे जुन्या फोटो फिल्ममधल्या रसायनाचा, पातळ थर देतात. हायड्रोजन जिथून बाहेर येतो तिथे चांदीचे सूक्ष्म कण तयार होतात. ताणलेल्या धातूवर हे कण डिसलोकेशन बाहेर पडल्याच्या रेषांवर आणि कणांच्या कडांवर दिसतात.

हळू ताण अधिक धोकादायक का?

झटका दिला तर डिसलोकेशन इतक्या वेगाने पळतात की हायड्रोजन मागे राहतो. सावकाश ताण दिला तर त्याला सोबत जायला आणि भेगेच्या टोकाशी जमायला वेळ मिळतो. म्हणून हातोड्याच्या चाचणीत पास झालेला बोल्ट आवळून ठेवल्यावर काही दिवसांनी तुटू शकतो. हायड्रोजन अणूंमधली पकड सैल करतो की डिसलोकेशनची हालचाल एकाच जागी एकवटतो, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. दोन्ही गोष्टी घडत असाव्यात, असे बऱ्याच जणांना वाटते.

2013 साली सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड बे ब्रिजच्या नव्या भागात जस्त चढवलेले कडक पोलादाचे 96 लांब सळईबोल्ट ताणले. पंधरवड्याच्या आत त्यातले 32 तुटले. तपासात कारण निघाले हायड्रोजन.

मलकापूर ते शेगाव: रुळातला हायड्रोजन

मुंबई–हावडा मार्ग बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव या स्थानकांवरून जातो. भारतीय रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाईच्या पोलाद कारखान्यात बनतात. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन बराच विरघळतो, थिजलेल्या आणि गार झालेल्या पोलादात अगदी थोडा. पोलाद घाईने गार झाले तर उरलेला हायड्रोजन आतच अडकतो आणि केसासारख्या बारीक भेगा पाडतो. वरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाखाली अशी भेग थोडी वाढते आणि शेवटी रूळ आडवा तुटू शकतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, वितळलेले पोलाद निर्वात पात्रातून फिरवून वायू काढून घेणे. दोन, सावकाश गार करणे, म्हणजे हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो. रुळासाठीच्या पोलादात हायड्रोजन दशलक्षात दोन भागांच्या खाली ठेवतात. रूळ बसवल्यावरही अल्ट्रासोनिक यंत्राने आतल्या भेगा तपासल्या जातात.

गावातल्या वर्कशॉपमध्ये

नांगराचा फाळ किंवा रोटाव्हेटरचे पाते कडक पोलादाचे असते. ते पावसाळ्यात ओलसर रॉडने जोडले तर वेल्डिंगच्या ठिणगीत पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. जोड गार होताना आकसतो, ताण येतो आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जोडाशेजारी भेग दिसते. दोष कारागिराच्या हाताचा किंवा लोखंडाच्या दर्जाचाच असतो असे नाही.

- कडक पोलादासाठी 7018 सारखा लो-हायड्रोजन रॉड वापरतात. नेहमीच्या 6013 रॉडमधून हायड्रोजन जास्त येतो.
- लो-हायड्रोजन रॉड उघडे राहिले असतील तर कंपनीने दिलेल्या तापमानाला, साधारण 300 ते 350 अंश सेल्सिअसला, भट्टीत सुकवतात.
- तुकडा आधी तापवून घेतात आणि जोडल्यावर पाणी न ओतता हळूहळू गार होऊ देतात.
- महत्त्वाच्या जोडाची तपासणी लगेच न करता साधारण 48 तासांनी करतात.
- मुलामा दिलेले अतिकडक बोल्ट कारखान्यात काही तासांच्या आत सुमारे 200 अंशांवर बराच वेळ तापवले जातात.

या सगळ्या उपायांमागे एकच तत्त्व आहे: हायड्रोजन कमीत कमी आत जाऊ द्यायचा आणि गेलेला धातूवर भार येण्याआधी बाहेर काढायचा. एकदा भेग पडली की नंतर हायड्रोजन निघून गेला तरी ती बुजत नाही.