गवताची भूक

दुधाचा भाव चढला म्हणजे आपण गवळ्याला बोल लावतों, फार तर म्हशीला. गवताची आठवण कोणासच होत नाहीं. आज त्या गवताचाच थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

अठराव्या शतकांत जमेका बेटाचे मुख्य न्यायाधीश एलिस यांना आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरील कांहीं पक्षी भेट आले, व त्यांच्या खाण्यासाठीं तिकडचेंच बीं बरोबर आलें. बिचारे पक्षी मेले. उरलेलें बीं कोणीं तरी कुंपणाकडे भिरकावलें. तें रुजलें, आणि गुरें तिकडे धांव घेऊं लागलीं तेव्हां साहेबांचें लक्ष गेलें. ही हकीकत ब्रायन एडवर्ड्‌स यानें १७९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत दिली आहे. त्याच्या मतें त्या बेटावर ऊंसाखालोखाल महत्त्व या गिनी गवताचेंच. घाणे ओढणारीं जनावरें त्यावर पोसत व त्यांचें शेण उंसाला जाई. वेस्ट इंडीजमध्यें दिवसभर मळ्यांत राबलेल्या गुलामांना सायंकाळीं पुन्हां गवताचे भारे आणावे लागत. ज्या रानांतून ते भारे निघत, तेथें त्या शेणांतलें थोडेंच परतत असावें.

एक टन वाळक्या चांगल्या चाऱ्यांत सुमारें १५ ते २० किलोग्रॅम नत्र असतें. चरणारें जनावर त्यांतील पुष्कळसें शेणामुतावाटें जागेवरच परत करतें. विळा कांहींच परत करीत नाहीं.

ही वजाबाकी भरून काढली तर काय होईल? त्याच समुद्रांत, जमेकाच्या पूर्वेस, पोर्टो रिको बेटावर होसे विसेंते-चांडलर व त्यांचे सहकारी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत याचें उत्तर शोधलें. नेपियर (आपल्याकडचें हत्तीगवत), गिनी आणि पॅरा या तीन गवतांना त्यांनीं वेगवेगळ्या मात्रेनें नत्र दिलें व ४०, ६० आणि ९० दिवसांनीं कापणी केली. हेक्टरीं सुमारें ९०० किलोग्रॅम नत्र घेऊन, दर ९० दिवसांनीं कापलेल्या नेपियरनें वर्षांत जवळजवळ ८५ टन सुका चारा दिला! आंकडा डोळे दिपविणारा खरा. परंतु दुधाचा हिशेब टनांनीं होत नाहीं. उशिरां कापलेलें गवत वजनाला भरतें, तरी तें राठ होतें व त्यांतील प्रथिनांचें प्रमाण घटतें. लवकर कापावें तर भारा लहान.

शिवाय खताचीही किंमत जमिनीला मोजावी लागे. अमोनियम सल्फेटांतील अमोनियाचें जमिनींतील जंतु नायट्रेट करतात, तेव्हां आम्ल सुटतें. भरपूर पावसाच्या त्या बेटावर चुना मुळांत कमीच टिकतो. जड मात्रेनें उरलासुरलाही निघून जाई, आणि नत्राच्या जोडीला चुन्याचीं पोतीं आणणें भाग पडे.

मुंबईच्या श्रोत्यांना यावरून आरे आठवेल. १९४९ सालीं शहरांतील म्हशींसाठीं ती वसाहत उभी राहिली, व गोठे धुतलेलें शेणमुताचें पाणी पॅरा गवताच्या शेतांत सोडण्याची रीत तेथें पडली. म्हैस जें खाई त्याचा मोठा वांटा असा गवताकडे परतत असे. पेंड मात्र बाहेरच्या शेतांतून येई. त्या शेतांचा कसही त्याच पाण्यांतून आरेच्या गवताला मिळे.