सडकेवरचा तालुका

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन: एक मोरगावजवळची, दुसरी सडक अर्जुनी. ही सडक म्हणजे नागपूर-रायपूर महामार्ग. कोहमारा याच तालुक्यात. गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता इथेच महामार्गाला छेदतो. आजूबाजूला धानाच्या बांध्या, तलाव, जंगल. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. कारभाराचे शब्द मात्र जुनेच राहिले.

वर्गात मी सांगतो, ‘तालुका’ अरबी ‘तअल्लुक’वरून आला, म्हणजे संबंध. ‘तहसील’ म्हणजे वसुली. उर्दूत मात्र ‘तहसील-ए-इल्म’ म्हणजे ज्ञान मिळवणे. आमच्या घरची बोली कुणी परकी म्हटली, की मी वाद घालत नाही. दाखल्यासाठी ज्या कचेरीत सगळेच रांग लावतात, तिची पाटी वाचा म्हणतो.