ठकी, चिंध्यांची बाहुली आणि त्यांचे लुगडे

आपल्या सीमाभागातल्या जुन्या घरांत दोन प्रकारच्या बाहुल्या असत: लाकडाची ठकी आणि आईने किंवा आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली. आपण राहतो दोन चिताऱ्यांच्या मधोमध. घाटाखाली सावंतवाडीची चितारआळी, तर पूर्वेला कोप्पळ जिल्ह्यातले किन्हाळ. किन्हाळची ख्याती मुख्यतः देवादिकांच्या मूर्तींची. खेळातली लाकडी भावली म्हटली की आपल्याला सावंतवाडीच आठवते.

ठकी एकसंध लाकडाची असते. हात अंगालाच चिकटलेले, लुगडे-चोळी, कुंकू, दागिने सगळे रंगाने काढलेले. हे लुगडे म्हणजे ठरावीक नमुना; त्यावरून एखाद्या गावची नेसण ओळखू नये, असे आम्हाला वाटते.

चिंध्यांच्या बाहुलीचे तसे नाही. तिच्या अंगावर घरातलेच कापड असते. पदर लाल आणि त्यावर पांढरी नक्षी असेल तर ते इरकल. इरकलात अंगाचे आणि पदराचे ताणे वेगळे असतात. ते मागावर एकमेकांत अडकवून जोडतात, म्हणून नीट पाहिल्यास सांधा दिसतो. चोळी बहुधा गुळेदगुड्डच्या खणाची. खणाचे काठ बाहीवर येतील अशीच चोळी बेततात, आणि बाहुलीच्या बोटभर बाहीवरही कुणीतरी तो काठ बरोबर आणलेला असतो. बेळगावच्या शहापूर-वडगावच्या मागांवरचे कापडही यात सापडू शकते.

बाहुली हातात घेतलीत तर पाठ जरूर पाहा. मागे कासोटा खोचलेला असेल तर ती नऊवारी. कन्नड घरांतल्या बाहुलीचे लुगडे बरेचदा गोल असते. सीमेवरच्या एकाच गल्लीत दोन्ही नांदत होत्या. दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेले लोकांच्या मण्यांच्या बाहुल्याही अशाच वाचता येतात: मण्यांचे दागिने आणि पांघरूण पाहून ती लग्न झालेली बाई आहे हे कळते.

आज नऊवारी सणासुदीपुरती उरली आहे, तीही पुष्कळदा शिवलेली. त्यामुळे रोजची नेसण दाखवणारी ही बाहुली माळ्यावर सापडली तर टाकून देऊ नका. धुऊही नका, पदराचा लाल रंग फुटतो. ठकीला नवा रंग देऊ नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा आणि पुढून-मागून फोटो काढा. कापड कुणाच्या लुगड्याचे, गाव कोणते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून कागदावर लिहून बाहुलीसोबत ठेवा.