अवसादाची चाळणी, प्राथमिक आरोग्यसेवेतील

कोणत्याही तक्रारीसाठी प्राथमिक आरोग्यसेवेकडे आलेल्या प्रौढांना ठराविक प्रश्न विचारून त्यांतील संभाव्य अवसादग्रस्त व्यक्ती हुडकून काढण्याच्या पद्धतीस अवसादाची चाळणी म्हणतात. अवसादाचा रुग्ण पुष्कळदा अंगदुखी, थकवा किंवा निद्रानाश यांचीच तक्रार सांगतो. त्यामुळे मूळ विकार नजरेआड राहतो.

लंडनमधील पाहणीच्या आधारे मायकेल शेपर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये असे दाखविले की, मनोविकारांचा मोठा भाग मनोरुग्णालयांत नव्हे, तर सामान्य वैद्यांकडे आढळतो. अशा रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांचा विकार वैद्याच्या लक्षातच येत नाही, असे डेव्हिड गोल्डबर्ग व बॅरी ब्लॅकवेल यांना १९७० मध्ये आढळले. हे छुपे रुग्ण शोधण्यासाठी गोल्डबर्ग यांनी ६० प्रश्नांची ‘सामान्य आरोग्य प्रश्नावली’ १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे कर्ट क्रोंके, रॉबर्ट स्पिट्झर व जॅनेट विल्यम्स यांनी अमेरिकेत खास अवसादासाठी ९ प्रश्नांची प्रश्नावली पारखून २००१ मध्ये मांडली. तीत एकूण २७ गुण असून १० वा अधिक गुण मिळाल्यास अवसादाचा संशय घेतात.

तथापि, संशय म्हणजे निदान नव्हे. मूळ अभ्यासात या मर्यादेने ८८ टक्के रुग्ण व ८८ टक्के निरोगी व्यक्ती अचूक ओळखल्या गेल्या. हेच प्रमाण धरल्यास, १,००० व्यक्तींत १०० रुग्ण असताना ८८ रुग्ण सापडतील. परंतु त्यांच्याबरोबर १०८ निरोगी व्यक्तीही संशयित ठरतील. म्हणून चाळणीनंतर प्रत्यक्ष मुलाखत अपरिहार्य ठरते.

याच कारणास्तव तज्ज्ञांत मतभेद झाले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २००२ मध्ये, अचूक निदान, उपचार व पाठपुरावा यांची सोय असेल तेथेच प्रौढांच्या चाळणीची शिफारस केली; २०१६ मध्ये ती सर्व प्रौढांसाठी, गर्भवती व प्रसूत स्त्रियांसह, करण्यात आली. उलट कॅनडाच्या कार्यदलाने २०१३ मध्ये सरसकट चाळणी करू नये, असे सुचविले.

गोव्यातील प्रयोगात चाळणीला उपचारांची जोड देण्यात आली. विक्रम पटेल व सहकारी यांनी तेथील १२ सरकारी व १२ खासगी दवाखान्यांत गोल्डबर्ग यांच्या प्रश्नावलीची संक्षिप्त आवृत्ती वापरून अवसाद व चिंताविकार यांचे रुग्ण शोधले. निम्म्या दवाखान्यांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना धीर व माहिती देऊन त्यांचा पाठपुरावा केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत अशा रुग्णांची सुधारणा अधिक झाली. खासगी दवाखान्यांत मात्र तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. प्रश्नावली रुग्ण दाखविते. तो बरा होणे पुढील सेवेवर अवलंबून असते.